लघुविटांच्या वास्तू : प्रतिकृती आणि प्रतिमान

मध्ययुगीन वास्तूंची लहान आकारातील रूपे उभारण्याच्या उद्योगाविषयी मराठीत लिहू लागले की आरंभीच शब्दाची अडचण उभी राहते. अशा रूपास नमुना म्हणावे, प्रतिकृती म्हणावे, की प्रतिमान म्हणावे? व्यवहारात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजले जातात. व्युत्पत्ती मात्र तिघांची भिन्न आहे. 'नमुना' हा फारसीतून आलेला शब्द, आणि त्याच्या मुळाशी 'दाखविणे' ही क्रिया आहे. 'प्रतिकृती'त मुळातल्यासारखे पुन्हा करण्याचा अर्थ आहे. 'प्रतिमान' हा शब्द 'मा' म्हणजे मोजणे ह्या धातूवरून आला. एका वस्तूच्या मापाशी दुसरीचे माप ताडून पाहणे हा त्याचा गाभा. युरोपीय भाषांतील 'मॉडेल' ह्या शब्दाचा प्रवासही मापावरूनच झालेला दिसतो. लॅटिनमध्ये 'मोदुस' म्हणजे माप, 'मोदुलुस' म्हणजे लहान माप, आणि त्यालाच पुन्हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून इटालियनांचा 'मोदेल्लो' सिद्ध झाला. दोन्हीकडील धातू एकच, असे सुचविण्याचे कारण नाही. अर्थाची वाटचाल तेवढी समांतर आहे.

हा भेद केवळ कोशकारांच्या सोयीचा नाही. प्रतिकृती मुळासारखी दिसली की तिचे काम झाले. प्रतिमानाकडून त्याहून अधिक अपेक्षा असते : मूळ वस्तूविषयी एखादा प्रश्न त्यास विचारता आला पाहिजे, आणि मिळालेले उत्तर मूळ वस्तूलाही लागू पडले पाहिजे. दिवाळीत महाराष्ट्रातील मुले अंगणात दगड, माती आणि गोणपाट ह्यांचे जे किल्ले रचतात, त्या उत्तम प्रतिकृती होत. बुरूज बुरजासारखा दिसतो, दरवाजा दरवाजासारखा. परंतु मातीच्या त्या राशीकडे पाहून मूळ तट कसा उभा राहिला असेल हे कोणी ठरवू जात नाही, आणि ते योग्यच आहे. लहान लहान विटा पाडून, त्या एकेक करून रचून एखादे चर्च किंवा वेशीचा दरवाजा उभारला जातो, तेव्हा मात्र प्रकार निराळा होतो. अशा वास्तूत द्रव्य मुळासारखे असते, घटक मुळासारखा असतो आणि रचनेची रीतही मुळासारखी असते. मग तिला पुरावा मानावे काय? इतिहास व वास्तुशास्त्र ह्यांच्या अभ्यासकांपुढे हा प्रश्न वारंवार येतो, आणि त्याचे उत्तर बहुधा घाईने दिले जाते.

उत्तर जर्मनीतील मध्ययुगीन वास्तू ह्या दृष्टीने विशेष सोयीच्या आहेत. बाल्टिक समुद्राच्या काठच्या ह्या सपाट प्रदेशात इमारतीचा दगड दुर्मीळ. त्यामुळे बाराव्या शतकापासून तेथील चर्चे, नगरभवने आणि वेशी भाजलेल्या विटांनी बांधल्या गेल्या. ल्यूबेक येथील मारीएन चर्चच्या मध्यदालनाची विटांची छतकमान जमिनीपासून सुमारे ३८.५ मीटर उंच आहे. ह्या काळातील वीट आजच्या विटेपेक्षा मोठी होती. सुमारे २८ सेंटिमीटर लांब, १४ रुंद आणि ९ जाड असे तिचे सर्वसाधारण माप सांगता येईल, अर्थात हाताने पाडलेल्या दोन विटा कधीच तंतोतंत सारख्या नसत. एकास वीस ह्या प्रमाणात ती लहान केली तर १४ मिलिमीटर लांब, ७ रुंद आणि ४.५ जाड अशी, चिंचोक्याएवढी वीट हाती येते. दोन विटांमधील दीड सेंटिमीटरची दरज पाऊण मिलिमीटर होते.

येथे पहिली विलक्षण गोष्ट लक्षात येते. प्रमाण लहान केल्याने विटांची संख्या एकानेही कमी होत नाही. दहा मीटर लांब व दहा मीटर उंच अशा भिंतीच्या केवळ दर्शनी अंगास वर दिलेल्या मापाने सुमारे ३,८०० विटा लागतात. पन्नास सेंटिमीटरच्या लघुभिंतीसही तितक्याच लागतात. एक वीट बसविण्यास अर्धे मिनिट धरले तरी एका दर्शनी बाजूस बत्तीस तासांच्या आसपास वेळ जातो. गवंड्याचा भार वाचतो, श्रमांची संख्या वाचत नाही. म्हणूनच पुष्कळ हौशी कारागीर ठोकळ्यावर विटांच्या रेघा ओढून काम भागवितात. त्यांचे फळ पुष्कळदा अत्यंत देखणे असते, परंतु ते प्रतिकृतीच्या पलीकडे जाऊ शकत नाही, कारण भिंतीच्या पोटात काय घडते ह्याविषयी ते मौन पाळते.

भिंतीच्या पोटात जे घडते त्यास गवंडी सांधमोड म्हणतात. वरच्या थरातील उभी दरज खालच्या थरातील दरजेवर येता कामा नये, हा तिचा नियम. हा नियम युरोपचा नव्हे आणि मध्ययुगाचाही नव्हे. अग्निचयनाची श्येनाकार वेदी शुल्बसूत्रांप्रमाणे पाच थरांत, प्रत्येकी दोनशे, अशा एक हजार इष्टकांची रचावयाची असते, आणि लागोपाठच्या थरांतील सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून एकाआड एक थरांची मांडणी निराळी ठेवण्याचे विधान तेथे आहे. मराठीतील 'वीट' हा शब्द त्या 'इष्टका'चाच प्राकृतातून उतरलेला वंशज, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असतेच. उत्तर जर्मनीत ह्या नियमाची दोन रूपे प्रामुख्याने आढळतात. जुन्या रूपात प्रत्येक थरात दोन विटा लांबीने व एक टोकाने दर्शनी येते. तेथील अभ्यासक त्यास भिक्षूंचा किंवा वेंडिश बंध म्हणतात. नंतरच्या रूपात लांबीची आणि टोकाची वीट आळीपाळीने येते, त्यास गॉथिक बंध असे नाव आहे. टोकाने दिसणारी वीट भिंतीच्या आत शिरते आणि बाहेरचे कवच आतल्या भरावास बांधून ठेवते. तिचे प्रमाण एकास दोन आहे की एकास एक, ह्यावर भिंत किती एकजीव होते हे अवलंबून असते.

बंध नीट राखून लघुभिंत उभारणाऱ्यास एक ज्ञान आपोआप होते, जे नकाशावरून होत नाही. भिंतीच्या कोपऱ्यावर, खिडकीच्या कडेला आणि कमानीच्या उगमापाशी पूर्ण विटांनी हिशेब जुळत नाही. तेथे अर्धी किंवा पाऊण वीट घालावी लागते. कोठे तोडलेली वीट लागेल हे आधी ठरविले नाही तर पाचव्या-सहाव्या थरावर दरजा एकमेकींवर येऊ लागतात आणि काम उकलावे लागते. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की खिडक्यांची रुंदी व खांबांतील अंतर ठरविताना जुन्या गवंड्यांच्या मनात विटेचे माप असले पाहिजे. चर्चच्या मोजणीत जे आकडे मीटरांत विचित्र दिसतात ते विटांत मोजले की पुष्कळदा सुबोध होतात. लघुविटांच्या कामाचा हा सर्वांत निर्विवाद लाभ होय.

द्रव्याच्या बाबतीत मात्र सगळे काही सारख्या प्रमाणात लहान होत नाही. चिकणमातीची वीट वाळताना आणि भाजताना आकसते. एकूण आकसणे आठ टक्के धरले तर १४ मिलिमीटरची वीट मिळविण्यासाठी साचा सुमारे १५.२ मिलिमीटरचा करावा लागतो. हे गणित सोपे आहे. चुन्याचे तसे नाही. बांधकामाच्या वाळूतील दोन मिलिमीटरचा कण पाऊण मिलिमीटरच्या दरजेत शिरणारच नाही. म्हणून वाळू तलम चाळणीने चाळून घ्यावी लागते, किंवा वाळू सोडून खडूची भुकटी वापरावी लागते, किंवा, आणि बहुसंख्य कारागीर हेच करतात, सरळ गोंद वापरावा लागतो. हा गोंद पुढील सर्व विवेचनात महत्त्वाचा आहे.

ज्या लघुविटांनी एकोणिसाव्या शतकात युरोपातील घरोघरी चर्चे व किल्ले उभारले गेले, त्यांत गोंद मुळीच नव्हता. बर्लिनच्या ओटो व गुस्टाव लिलीएनथाल ह्या बंधूंनी क्वार्ट्झची वाळू, खडू आणि जवसाचे तेल ह्यांच्या मिश्रणातून दाबून काढलेल्या लहान शिला तयार केल्या. ह्यांपैकी ओटो हा पुढे विमानविद्येच्या इतिहासात तरंगयानाचा प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आला, हे सर्वश्रुत आहे. बंधूंकडून ह्या शोधाचे हक्क फ्रीड्रिख आडोल्फ रिष्टर ह्याने विकत घेतले आणि १८८० नंतरच्या दशकात थ्युरिंगियातील रूडोलश्टाट येथून 'अँकर' ह्या नावाने त्या शिलांचा मोठा व्यापार केला. तांबडा विटांसाठी, पिवळसर वालुकाश्मासाठी आणि निळा छपराच्या पाटीच्या दगडासाठी, असे तीन रंग. पेटीबरोबर आराखड्यांची पुस्तिका. उत्पादन १९६३ मध्ये थांबले व १९९५ मध्ये तेथेच पुन्हा सुरू झाले. ह्या शिला एकमेकींस चिकटत नाहीत, एकमेकींत अडकतही नाहीत. त्यांची कमान उभी राहते ती केवळ वजनामुळे आणि आकारामुळे. ज्यासाठी १९५८ मध्ये डेन्मार्कमध्ये एकाधिकार मागण्यात आला त्या लेगोच्या अडकणाऱ्या विटेचा गुण नेमका उलट आहे. तिच्या माथ्यावरील गुट्ट्या वरच्या विटेला धरून ठेवतात, म्हणून आधाराशिवाय पुढे झुकलेली भिंतही ती सहज पेलते. लेगोचा किल्ला दिसण्यात कितीही मध्ययुगीन असो, यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तो मध्ययुगाच्या पुष्कळच अलीकडचा आहे.

हे नीट कळण्यासाठी प्रमाणाच्या मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवून दिले की वस्तूची सर्व मापे सारख्या पटीने वाढविली असता वजन घनाच्या पटीने वाढते, भार घेणारा छेद मात्र वर्गाच्याच पटीने वाढतो. सबब मोठी वस्तू तुलनेने दुर्बळ ठरते, आणि लहान रूपात टिकलेली रचना मोठ्या रूपात कोसळू शकते. एवढ्यावरून लघुरूपाची परीक्षा निरर्थक आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु विटा-दगडांच्या बांधकामास हा निष्कर्ष लागू पडत नाही. का, ते आकड्यांनीच पाहावे. घनमीटरला १,८०० किलोग्रॅम वजनाच्या विटांची सलग चाळीस मीटर उंच भिंत घेतली तर तिच्या पायथ्याशी दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला ७.२ किलोग्रॅम. साधी भाजलेली वीटसुद्धा ३५ किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक दाब सोसते. एकास वीसच्या लघुभिंतीत हाच दाब ०.३६ किलोग्रॅम असतो. दोन्ही ठिकाणी वीट चिरडण्यापासून दूरच आहे. तेव्हा मध्ययुगीन भिंत पडते ती चिरडून नव्हे, कलंडून. कमान पडते ती सांधे उघडून.

केंब्रिज येथील झाक हेमन ह्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या विचारास शास्त्रीय रूप दिले. त्यांनी तीन गृहीते मांडली : बांधकाम ताण मुळीच घेत नाही, दाब हवा तेवढा घेते, आणि एक दगड दुसऱ्यावरून घसरत नाही. ही मान्य केली की स्थैर्याचा प्रश्न बळाचा न राहता आकाराचा होतो, आणि आकारास प्रमाणाची बाधा नाही. लघुरूपात स्थिर असलेली कमान मूळ मापातही स्थिर असते. मध्ययुगीन स्थपती पदार्थांचे बळ न मोजता केवळ लांबी-रुंदीच्या गुणोत्तरांचे नियम पाळीत आणि तरीही त्यांच्या इमारती शतकानुशतके उभ्या राहिल्या, ह्याचे रहस्य येथे आहे. त्या नियमांना अडाणीपणाचे लेणे समजण्याची जी प्रथा काही काळ होती, ती हेमन ह्यांच्यानंतर टिकणे कठीण.

सुटी लघुभिंत एका फळीवर बांधून फळी हळूहळू कलती केली तर ह्याची प्रचीती घेता येते. एक मीटर जाड व दहा मीटर उंच अशी मोकळी भिंत सुमारे ५.७ अंशांच्या कलास उलटते. पाच सेंटिमीटर जाड व पन्नास सेंटिमीटर उंच अशी लघुभिंतही तितक्याच कलास उलटते. फळीचा कोन हा मूळ भिंतीविषयीचा खरा पुरावा होतो. आता तीच लघुभिंत गोंदाने सांधून फळीस चिकटवावी. फळी तीस अंश कलली तरी भिंत हलणार नाही. दिसण्यात काहीच फरक पडलेला नाही. मात्र जे प्रतिमान होते त्याची प्रतिकृती झाली.

गोंदाऐवजी अस्सल चुना वापरल्याने ही अडचण पूर्णपणे दूर होत नाही, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. चुन्याची पकड स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, विटेचे वजन घनफळावर. एकास वीसच्या विटेचे वजन आठ हजारांश होते, पकड मात्र चारशे-अंशच कमी होते. म्हणजे तोच चुना लघुविटेस वीसपट अधिक बळकट वाटतो. मूळ इमारतीत ज्याचा भरवसा धरता येत नव्हता, तोच येथे सगळे काम करू लागतो. भाषेच्या व्याकरणाची जी प्रतिमाने रचली जातात त्यांतही असा न दिसणारा गोंद पुष्कळदा असतो. तथापि तो विषय निराळा. सर्वच वास्तूंत चुना गौण असतो असेही समजू नये. विजापूरच्या गोल घुमटाच्या कवचात विटा आडव्या थरांत, चुन्याच्या जाड लेपांत बसविल्या आहेत, आणि ते कवच जवळजवळ एकसंध झालेले आहे. तेथे चुना सोडून केलेले लघुरूपच फसवे ठरेल.

लघुरूपात न उतरणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जमीन. ल्यूबेकची होल्स्टेन वेस १४६४ ते १४७८ ह्या काळात बांधली गेली. खालची भूमी दलदलीची. बांधकाम चालू असतानाच मनोरे खचू लागले, आणि वरचे मजले बांधताना गवंड्यांनी तो कल सावरण्याचा यत्न केला. तटातील सर्वांत खालच्या माऱ्याच्या फटी आज जमिनीच्या पातळीखाली गेल्या आहेत. ह्या वेशीचे लघुरूप करणाऱ्यापुढे पेच पडतो. ओळंब्यात बांधावी तर ती वेस कधी अस्तित्वातच नव्हती. कललेली बांधावी तर जो कल मातीने दिला तो कारागिराने हाताने द्यावयाचा. दुसरा मार्ग पत्करला तरी एक गोष्ट कळते : कोणत्या थरापासून गवंड्यांनी दुरुस्ती सुरू केली ते थरांची जाडी मोजून लघुरूपात उतरवावे लागते, आणि ती मोजणी हीच खरी मिळकत.

मध्ययुगीन बांधणाऱ्यांनी स्वतःच विटांची लघुरूपे केली होती, हे ह्या विषयातील सर्वांत मोलाचे प्रकरण होय. फ्लॉरेन्सच्या महामंदिराचा आराखडा १३६७ मध्ये मान्य झाला तो विटांनी बांधलेल्या एका मोठ्या प्रतिमानाच्या रूपाने. त्यापासून न ढळण्याची शपथ बांधकामाच्या अधिकाऱ्यांना घ्यावी लागे. कागदावरील करारापेक्षा विटांचा करार अधिक बंधनकारक मानला गेला. परंतु हे प्रतिमान काय बांधावयाचे तेवढे सांगत होते. बेचाळीस मीटरांहून रुंद पोकळीवर घुमट कसा घालावा हे सांगत नव्हते. एवढ्या रुंदीखाली लाकडी ढाचा उभारणे अशक्यप्राय होते.

१४१८ मध्ये अधिकाऱ्यांनी दोनशे सुवर्ण फ्लोरिनांचे पारितोषिक लावून प्रतिमाने मागविली. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने चुना-विटांचा एक लहान घुमट, खाली कोणताही ढाचा न देता, बांधून दाखविला. त्या कामात दोनातेल्लो आणि नान्नी दि बांको ह्या शिल्पकारांचे साहाय्य होते. वरवर पाहता प्रश्न सुटला होता. तरीही परीक्षकांचा संशय चटकन फिटला नाही, आणि चरित्रकारांनी त्यांची बरीच कुचेष्टा केली आहे. ती अन्यायाची आहे. वर जो हिशेब केला तो येथे लावून पाहावा. घुमटाच्या वरच्या भागात विटांचे थर आतल्या बाजूस उतरते होत जातात, आणि माथ्याजवळ हा उतार साठ अंशांपर्यंत पोचतो. इतक्या उतारावर घर्षण पुरत नाही. वर्तुळ पुरे होईपर्यंत वीट कोणीतरी धरून ठेवली पाहिजे. विटाही घुमटाच्या प्रमाणात लहान केल्या असतील तर ओला चुनाच त्यांना धरून ठेवील, आणि प्रात्यक्षिकाने काहीच सिद्ध होणार नाही. नेहमीच्या मापाच्या विटा घेऊन घुमटच तेवढा लहान बांधला, तर प्रत्येक विटेच्या घसरण्याची परीक्षा पूर्ण मापात होते, आणि एकूण घुमटाच्या स्थैर्याची परीक्षा, जिला प्रमाणाची बाधा नाही, लहान मापात होते. एकाच वास्तूत दोन प्रमाणे मिसळण्यात येथे दोष नसून बुद्धिमत्ता आहे.

प्रत्यक्ष घुमटात ब्रुनेलेस्कीने चुन्यावर भिस्त ठेवली नाही. ठरावीक अंतरावर विटा उभ्या बसवून त्यांच्यामध्ये आडव्या विटांचे लहान गट पकडले. थर चढत जाताना उभ्या विटांची ही ओळ तिरपी सरकत जाते आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. पुस्तकांच्या फळीवर दोन्ही टोकांस जाड ग्रंथ उभे केले असता मधली पुस्तके ज्या न्यायाने पडत नाहीत, तोच न्याय येथे आहे. बांधकाम १४२० मध्ये सुरू झाले आणि १४३६ मध्ये घुमट मिटला. त्यास सुमारे चाळीस लाख विटा लागल्या असाव्यात असा अंदाज केला जातो.

२०१२ मध्ये महामंदिराच्या संग्रहालयाच्या विस्तारासाठी खोदकाम चालू असता जवळच्या भूमीत सुमारे तीन मीटर व्यासाच्या एका लहान घुमटाचा अवशेष सापडला. त्याच्या विटा माशाच्या काट्याच्या रचनेत बसविलेल्या आहेत. हे ब्रुनेलेस्कीच्या काळातील प्रात्यक्षिक असावे असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे, आणि स्थळ व रचना दोन्ही त्यास अनुकूल आहेत. मात्र त्याचे वर्णन करताना 'घुमटाची लहान प्रतिकृती' असे शब्द सर्रास वापरले गेले. बांधणाऱ्याचा हेतू रचनेची रीत ठरविण्याचा किंवा गवंड्यांना ती शिकविण्याचा असेल, तर हा शब्द चुकीचा आहे. कारण आठ बाजूंच्या मूळ घुमटाशी त्याचे बाह्य साम्य किती ह्यापेक्षा त्यातील उभ्या विटा किती अंतरावर आहेत आणि थरांचा उतार कोठून सुरू होतो, हे मोजणे अधिक अगत्याचे ठरते.